रंगाचं सांडपाणी आणि प्रकाश-उत्प्रेरक: पहिला भरवशाचा प्रयोग कसा मांडावा

मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात टिटॅनियम डायऑक्साइडची थोडी भुकटी ढवळून भांडं उन्हात ठेवलं, तर तास-दोन तासांत निळेपणा ओसरतो. ही भुकटी म्हणजे प्रकाश-उत्प्रेरक: प्रकाश पडला की स्वतः न संपता अभिक्रिया घडवणारा पदार्थ. प्रयोग इतका सहज जमतो, म्हणून बीएस्सी-एमएस्सीच्या प्रकल्पांत तो हमखास दिसतो. पण रंग गेला याचे चार अर्थ होऊ शकतात: रेणू खरोखर मोडला, भुकटीच्या कणांना चिकटून बसला, उत्प्रेरकाच्या मदतीशिवाय नुसत्या प्रकाशाने विटला, किंवा अखंड राहून रंगहीन रूपात गेला. सांडपाणी शुद्ध करायचं असेल तर यातला पहिलाच अर्थ कामाचा. खाली दिलेली मांडणी हे चार प्रकार वेगळे ओळखता यावेत यासाठी आहे.

भुकटीवर प्रकाश पडला की काय होतं

टिटॅनियम डायऑक्साइडच्या अ‍ॅनाटेज स्फटिकाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी घ्यायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो. म्हणजे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, अतिनील प्रकाशच त्याला चालतो. असा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली धन पोकळी उरते. पोकळी कणाच्या पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (OH चा अतिशय क्रियाशील तुकडा) बनवते आणि हे रॅडिकल रंगाच्या रेणूवर तुटून पडतं. इलेक्ट्रॉनला मात्र पाण्यातल्या ऑक्सिजनने उचलावं लागतं. ऑक्सिजन कमी पडला तर इलेक्ट्रॉन आणि पोकळी पुन्हा एकत्र येतात, आणि प्रकाशाची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. म्हणून या प्रयोगात हवेचा पंप दिव्याइतकाच महत्त्वाचा आहे. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, त्यानंतर या पदार्थाकडे जगाचं लक्ष वळलं.

सामान घेताना

सगळ्यात जास्त फसगत उत्प्रेरकाच्या खरेदीत होते. रंगाच्या दुकानात मिळणारं टिटॅनियम डायऑक्साइड स्वस्त असतं, पण ते बहुधा रुटाइल या दुसऱ्या स्फटिक-प्रकारचं असतं आणि त्याच्या कणांवर सिलिका-अ‍ॅल्युमिनाचा थर मुद्दाम चढवलेला असतो. भिंतीवरचा रंग उन्हात खराब होऊ नये, म्हणजे नेमकी हीच अभिक्रिया घडू नये, यासाठी तो थर असतो. ते घेऊन दिवसभर दिवा लावला तरी फारसं काही होणार नाही. तुलनेसाठी जगभर वापरली जाते ती पी२५ नावाची भुकटी, पूर्वी डेगुसा या नावाने आणि आता इव्होनिककडून मिळणारी. तिच्यात साधारण ८० टक्के अ‍ॅनाटेज आणि बाकीचं मुख्यतः रुटाइल असतं, कण सुमारे २० नॅनोमीटरचे आणि पृष्ठफळ ग्रॅममागे ५० चौरस मीटरच्या आसपास. ती मिळाली नाही तर रसायनांच्या दुकानातून बिनथराचं अ‍ॅनाटेज मागा. ते हळू चालतं, पण चालतं.

झिंक ऑक्साइड स्वस्त आणि जलद आहे. मात्र ते आम्लात आणि तीव्र अल्कलीत विरघळतं, आणि अतिनील प्रकाशात स्वतःही झिजत जातं. पाण्यात जस्त उतरतं. शिकण्यासाठी ठीक, सांडपाण्यासाठी आम्ही सुचवणार नाही. दृश्य प्रकाशावर चालणारं काही हवं असेल तर ग्राफिटिक कार्बन नायट्राइड घरच्या घरी नव्हे, पण कॉलेजच्या भट्टीत बनवता येतं: झाकणाच्या क्रुसिबलमध्ये मेलामाइन घालून ५५० अंश सेल्सिअसला काही तास. पिवळी भुकटी मिळते, बँड गॅप २.७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास. तापवताना अमोनिया सुटतो, त्यामुळे भट्टी फ्यूम हूडखालीच हवी.

दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या. १८ वॉटची काळी अतिनील-ए ट्यूब किंवा ३६५ चा एलईडी, दोन्ही चालतील. पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रातला २५४ नॅनोमीटरचा जंतुनाशक दिवा नवख्यांनी वापरू नये: तो डोळ्यांना आणि त्वचेला जास्त घातक, त्याचा प्रकाश साध्या किंवा बोरोसिलिकेट काचेतून आत जात नाही, आणि क्वार्ट्झचं भांडं घेतलंच तर बरेच रंग उत्प्रेरकाशिवायही मोडतात. ३६५ च्या दिव्याकडेही थेट बघायचं नाही. पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावा. हेच प्लास्टिक अतिनील प्रकाश अडवतं, म्हणून प्रयोगाच्या भांड्यावर पॉलिकार्बोनेटचं झाकण कधीही ठेवू नका.

याशिवाय मॅग्नेटिक स्टरर, माशांच्या टाकीचा छोटा हवेचा पंप, पीएच मीटर, सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर. भुकटी तोलताना एन९५ मास्क लावा. टिटॅनियम डायऑक्साइडची धूळ श्वासातून जाणं धोक्याचं आहे आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती संभाव्य कर्करोगकारकांच्या २बी गटात ठेवली आहे.

द्रावण आणि कॅलिब्रेशन

१०० मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे झालं १०० मिग्रॅ/लिटरचं मूळ द्रावण. बाटलीला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून अंधारात ठेवा. त्यातले २५ मिली घेऊन २५० मिलीपर्यंत पातळ केलं की प्रयोगाचं १० मिग्रॅ/लिटरचं द्रावण तयार.

कॅलिब्रेशनसाठी १, २, ३, ४ आणि ५ मिग्रॅ/लिटरची द्रावणं करून ६६४ नॅनोमीटरवर शोषणांक (द्रावणाने किती प्रकाश शोषला त्याचा आकडा) वाचा. ५ मिग्रॅ/लिटरला तो १ च्या आसपास येतो. १० ला २ च्या वर जाऊ लागतो. तिथे यंत्राचा आकडा भरवशाचा राहत नाही, शिवाय मिथिलीन ब्लूचे रेणू जोडीजोडीने एकत्र येऊन ६१० नॅनोमीटरजवळ खांदा काढतात. म्हणून सुरुवातीचे नमुने मोजण्यापूर्वी पाण्याने दुप्पट-तिप्पट पातळ करा आणि उत्तराला तेवढ्याने गुणा. क्युव्हेटच्या, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायच्या छोट्या कुपीच्या, भिंतीला हा रंग चिकटतो. प्रत्येक नमुन्यानंतर इथेनॉलने धुवा, नाहीतर शेवटचे नमुने खोटे निळे दिसतात.

प्रयोग

२५० मिली द्रावण रुंद, उथळ भांड्यात घ्या. पाण्याची खोली २ ते ३ सेंटिमीटर पुरे, कारण भुकटीने गढूळ झालेल्या पाण्यात अतिनील प्रकाश वरच्या एक-दोन सेंटिमीटरमध्येच संपतो. उंच बीकर घेतला तर तळाचं पाणी अंधारातच फिरत राहतं. पीएच नोंदवा. १२५ मिलिग्रॅम उत्प्रेरक, म्हणजे लिटरला ०.५ ग्रॅम, थोड्या द्रावणात पाच मिनिटं अल्ट्रासोनिक बाथमध्ये फेटून घाला. कोरडी भुकटी थेट टाकली की गुठळ्या होतात आणि निम्मा पृष्ठभाग आतच अडकतो.

आता दिवा न लावता भांडं झाकून ३० मिनिटं ढवळा. या वेळात रंगाचे रेणू कणांवर चिकटतात आणि समतोल येतो. २० व्या आणि ३० व्या मिनिटाला नमुना घेऊन दोन्ही आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर तासभर थांबा. ही पायरी गाळली की चिकटलेला रंग "मोडलेला" म्हणून मोजला जातो, आणि उत्प्रेरकाची कामगिरी फुगते. पृष्ठफळ मोठं असलेल्या नव्या, घरी बनवलेल्या उत्प्रेरकांच्या बाबतीत ही चूक फार मोठी ठरू शकते.

दिवा प्रयोगाच्या आधी १५ मिनिटं वेगळा पेटवून स्थिर होऊ द्या. अंतर ठरवा, १० सेंटिमीटर समजा, आणि पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते बदलू नका. दिवा आणि हवा एकाच वेळी सुरू करा. ०, १०, २०, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांना ३-३ मिली नमुना काढा. एकूण २४ मिली, म्हणजे मूळ पाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी. यासाठीच २५० मिलीने सुरुवात केली; ५० मिली घेतलं असतं तर शेवटी निम्मंच पाणी उरलं असतं.

नमुना लगेच सेंट्रिफ्यूज करा, १०,००० आरपीएमला १० मिनिटं. पी२५ चे कण कमी वेगाला खाली बसत नाहीत. ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर वापरायचा असेल तर आधी तपासा: माहीत असलेल्या ताकदीचं मिथिलीन ब्लूचं द्रावण त्यातून गाळा आणि आकडा घटतो का बघा. बरेच फिल्टर हा रंग धरून ठेवतात. पहिला १ मिली टाकून द्यायची सवय ठेवा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ सोबत ८०० नॅनोमीटरचाही आकडा घ्या. तिथे मिथिलीन ब्लू जवळजवळ शोषत नाही. तरीही आकडा शून्यावर नसेल तर उत्प्रेरकाचे कण अजून पाण्यात आहेत.

आता जोडीचे प्रयोग, जे न करता अहवाल लिहूच नये:

दिवा आहे पण उत्प्रेरक नाही. यातून नुसत्या प्रकाशाने किती रंग जातो ते कळतं.

उत्प्रेरक आहे पण दिवा नाही, पूर्ण १२० मिनिटं. यातून चिकटण्याचा वाटा कळतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड घालणार असाल तर दिवा अधिक पेरॉक्साइड, उत्प्रेरकाशिवाय. अतिनील प्रकाशात पेरॉक्साइड एकटंही रंग मोडतं.

आकडेमोड

अंधारातल्या समतोलानंतरची तीव्रता ही सुरुवात धरा, मूळ १० मिग्रॅ/लिटर नाही. सुरुवातीची तीव्रता भागिले त्या वेळची तीव्रता, त्याचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर आणि मिनिटं आडव्या अक्षावर. सौम्य द्रावणात सरळ रेषा येते आणि तिचा चढ म्हणजे वेगस्थिरांक. समजा समतोलानंतर ८.६ आणि ६० मिनिटांनी १.१ मिग्रॅ/लिटर उरले. ८.६ भागिले १.१ म्हणजे ७.८२, त्याचा नैसर्गिक लॉग २.०६, भागिले ६०: मिनिटाला ०.०३४. रंग निम्मा व्हायला सुमारे २० मिनिटं. नुसते "९० टक्के रंग गेला" असे आकडे दोन उत्प्रेरकांची तुलना करायला निरुपयोगी आहेत. वेगस्थिरांक, दिव्याची ताकद, अंतर आणि उत्प्रेरकाची मात्रा एकत्र दिली तरच दुसऱ्याला ताडून बघता येतं. शेवटच्या काही बिंदूंना रेषा वाकत असेल तर ते बिंदू सोडून चढ काढा, पण ते आलेखावर दाखवा.

बिघडतं कुठे

हवा बंद पडली तर मिथिलीन ब्लूचं ल्यूको रूप तयार होऊ शकतं. ते रंगहीन असतं, पण रेणूचा सांगाडा शाबूत असतो. ओळखायला सोपं: दिवा बंद करून गाळलेला नमुना हवेत हलवत ठेवा. निळा रंग परतला तर तुम्ही रेणू मोडलाच नव्हता.

ऱ्होडामाइन बीमध्ये दुसरा पेच आहे. या रंगाचा शिखरबिंदू, म्हणजे सर्वाधिक शोषणाची तरंगलांबी, ५५४ नॅनोमीटरला असतो. प्रयोग चालू असताना तो डावीकडे ४९८ कडे सरकू लागला तर रेणूवरचे इथाइल गट एकेक करून गळताहेत, मधली वलयं मात्र अजून तशीच आहेत. ठरलेल्या एकाच तरंगलांबीवर वाचणाऱ्याला हे दिसत नाही, म्हणून प्रत्येक नमुन्याचा २०० ते ८०० नॅनोमीटरचा पूर्ण आलेख काढा. मिथिल ऑरेंज आम्लात लाल आणि एरवी पिवळा-नारिंगी असतो. पीएच हलला की शिखर ४६४ वरून ५०० च्या पुढे जातं आणि सगळी आकडेमोड कोलमडते.

दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकाची परीक्षा रंगावर घेऊ नका. रंग स्वतः दृश्य प्रकाश शोषतो, आपला इलेक्ट्रॉन टिटॅनियम डायऑक्साइडला देतो आणि स्वतःच मोडतो. उत्प्रेरकाने प्रकाश शोषलाच नाही, तरी निकाल चांगला दिसतो. फिनॉलसारखा रंगहीन पदार्थ घेऊन पुन्हा तपासा.

भुकटी जास्त घातली की वेग वाढतो हे एका हद्दीपर्यंतच. लिटरला ०.५ ते १ ग्रॅमच्या पुढे बहुधा कण एकमेकांवर सावली धरतात. पेरॉक्साइडचंही तसंच: थोडं, लिटरला ५ मिलिमोलच्या आसपास, मदत करतं (२५० मिलीला ३० टक्क्यांचं ०.१३ मिली), जास्त झालं की तेच हायड्रॉक्सिल रॅडिकल खाऊन टाकतं. हॅलोजन दिव्याने पाणी तापून उडालं तर उरलेलं द्रावण घट्ट होतं. भांडं पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून २५ ते ३० अंश राखा.

खऱ्या सांडपाण्याकडे

सोलापूरचे टॉवेल असोत की इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसमधलं कापड, सुतावर बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढतात, म्हणजे सुताशी रासायनिक बंध बांधणारे. ते सुताला धरावेत म्हणून डायबाथमध्ये (रंगाच्या कुंडात) सोडा आणि भरपूर मीठ घालतात, आणि न धरलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर येतो. हे पाणी आणि डिस्टिल्ड पाण्यातलं मिथिलीन ब्लू यांत मोठं अंतर आहे. पीएच १० च्या वर, क्लोराइड आणि कार्बोनेट भरपूर, आणि ही दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकल गिळतात. रंगही उलट प्रभाराचा असतो: मिथिलीन ब्लू धन, रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋण. टिटॅनियम डायऑक्साइडचा पृष्ठभाग पीएच ६ ते ७ च्या खाली धन आणि वर ऋण असतो, त्यामुळे अल्कलीत ऋण रंग त्याच्याजवळ फिरकत नाही.

म्हणून पाणी आधी एक रात्र निवळू द्या, वरचं गाळून घ्या. सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच ४ ते ५ वर आणा. हायड्रोक्लोरिक घातलं तर क्लोराइड आणखी वाढतं. पीएच उतरताना फेस येईल, तो कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड. १५ मिनिटं हवा सोडून तो घालवा. पहिला प्रयोग दहापट पातळ केलेल्या पाण्यावर करा, मग पाचपट, मग तसंच. गडद पाण्यात प्रकाश शिरतच नाही, म्हणून ही प्रक्रिया जैविक टाकी आणि गाळ बसवण्याच्या टप्प्यानंतर, उरलासुरला रंग काढायलाच योग्य. टर्क्वॉइज निळ्याच्या बॅचचं पाणी वेगळं ठेवा: तो रंग तांब्याच्या थॅलोसायनिनचा असतो, चिवट असतो आणि मोडला की तांबं पाण्यात मोकळं होतं, ते वेगळं मोजावं लागतं.

इथे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर अजिबात विसंबू नका. अ‍ॅझो रंगाचा नायट्रोजनचा दुवा तुटला की पाणी फिकं होतं, पण सुगंधी अमाइनांसारखे तुकडे उरू शकतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा विषारी असतात. सीओडी (पाण्यातले पदार्थ रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) आधी आणि नंतर मोजा. देशात जमिनीवरच्या पाण्यात सोडण्याची मर्यादा सीओडीसाठी २५० आणि बीओडीसाठी (जिवाणूंना ते पदार्थ पचवायला लागणारा ऑक्सिजन) ३० मिग्रॅ/लिटर आहे. रंग ९५ टक्के उतरून सीओडी ३० टक्केच उतरला, असं सहज घडतं. तेव्हा दिवा आणखी चालवावा लागतो. सीओडीच्या चाचणीत क्लोराइड खोटी वाढ दाखवतं, त्यासाठी मर्क्युरिक सल्फेट घालतात. उरलेलं पेरॉक्साइडही फसवतं, दर मिलिग्रॅममागे सुमारे ०.४७ मिलिग्रॅम सीओडी. ते आधी कॅटालेज एन्झाइमने मोडा. मिठाला मात्र या प्रक्रियेत हातही लागत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) जेवढा आत, जवळपास तेवढाच बाहेर.

खर्चाचा हिशेब पहिल्याच आठवड्यात करा. वरच्या उदाहरणात ०.०३४ वेगस्थिरांकाने रंग दहावा हिस्सा व्हायला ६७ मिनिटं लागतात. १८ वॉटचा दिवा तेवढा वेळ पाव लिटरसाठी जळला, तर हजार लिटरला सुमारे ८० युनिट वीज होते. युनिट ८ रुपये धरलं तर ६४० रुपये, तेही फक्त १० मिग्रॅ/लिटर रंगासाठी. टेबलावरच्या दिव्याचा बराच प्रकाश भांड्याबाहेर जातो, बंदिस्त रिअ‍ॅक्टरमध्ये आकडा उतरेल. तरी कारखान्याला दिव्यावर हे परवडणं कठीण. म्हणून उन्हाचा विचार होतो. उन्हात अतिनील हिस्सा ४-५ टक्केच असला तरी फुकट आहे. स्पेनमध्ये अल्मेरिया इथल्या प्लॅटाफॉर्मा सोलार या केंद्रात काचेच्या नळ्यांतून उत्प्रेरकमिश्रित पाणी फिरवतात आणि मागे वक्र अ‍ॅल्युमिनियमचे परावर्तक असतात. छोटा नमुना करायचा तर बोरोसिलिकेटच्या नळ्या आणि चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घ्या. घरातला आरसा नको, त्याची काच अतिनील प्रकाशाचा काही भाग खाते. ऊन सकाळी ११ ते २ या वेळात घ्या. उन्हाची ताकद ढगागणिक बदलते, म्हणून उत्प्रेरकाचं, बिनउत्प्रेरकाचं आणि फॉइल गुंडाळलेलं अशी तिन्ही भांडी एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी ठेवा.

वापरलेली भुकटी

पाणी दुधाळ राहत असेल तर पीएच ६.५ च्या आसपास आणून रात्रभर ठेवा. तिथे कणांवरचा प्रभार जवळपास नाहीसा होतो, ते एकमेकांना धरतात आणि तळाला बसतात. वरचं पाणी नळीने काढा; तळाचा गाळ मोरीत ओतू नका. तो डिस्टिल्ड पाण्याने तीनदा धुवा, १०० अंशाला वाळवा आणि ४०० अंशाला तासभर तापवा, म्हणजे चिकटलेले सेंद्रिय तुकडे जळून जातात. ६०० च्या पुढे नेलं तर अ‍ॅनाटेजचं रुटाइल होऊ लागतं. मग नव्या द्रावणात तीच भुकटी, पुन्हा तोलून, तितक्याच मात्रेत घाला. धुताना बरीच भुकटी हरवते, आणि न तोलता पुढे गेल्यास घटलेला वेग उत्प्रेरक निकामी झाल्याची खूण वाटतो.

गाळण्याची कटकट टाळायला भुकटी काचेवर बसवता येते. बोरोसिलिकेटची पट्टी सँडपेपरने खरखरीत करा, पी२५ चं ५ टक्क्यांचं पाण्यातलं मिश्रण नायट्रिक आम्लाने पीएच ३ ला आणून त्यात पट्टी बुडवा, वाळवा, असं तीन-चार वेळा, आणि ४५० अंशाला तासभर तापवा. साध्या खिडकीच्या काचेतलं सोडियम तापवताना थरात शिरतं आणि उत्प्रेरक मंदावतं. पट्टी गार झाल्यावर ओल्या बोटाने घासा. बोट पांढरं झालं तर थर धरलेला नाही. तो वाहत्या पाण्यात सुटेल, मिश्रण पातळ करून पुन्हा लावा.